जुन्या कॅमेऱ्याच्या फोटोंवर केशरी पट्टे येतायत? लाइट लीक शोधायचा आणि बंद करायचा क्रम

आधी लक्षणं.

रोल धुऊन आला, फोकस बरोबर आहे, एक्स्पोजर बरोबर आहे, पण फोटोच्या कडेने लाल नाहीतर केशरी पट्टा आत शिरलाय. जास्त जोरात असेल तर तो मध्ये पिवळा होत होत पांढरा पडतो. ब्लॅक अँड व्हाइट रोल असेल तर तोच पट्टा नुसता पांढरट, धुरकट दिसतो. काही फ्रेमवर आहे, काहींवर अजिबात नाही. घरात काढलेले फोटो स्वच्छ आणि नाशिकच्या गोदाघाटावर दुपारच्या उन्हात काढलेले खराब. कधी पट्ट्याऐवजी प्रत्येक फ्रेमवर त्याच त्याच जागी एक पांढरा ठिपका. कधी फिल्मच्या कडेच्या भोकांचे ठसे फोटोत उमटलेले.

यातलं काहीही दिसत असेल तर कॅमेऱ्यात कुठून तरी नको तो उजेड शिरतोय, म्हणजे लाइट लीक. आजोबांच्या कपाटातून निघालेला याशिका असो की बंद पडलेल्या स्टुडिओतून कोणी घेतलेला पेंटॅक्स, ओळखीपाळखीचे लोक माझ्याकडे जे कॅमेरे घेऊन येतात त्यात सगळ्यात जास्त वेळा हाच फॉल्ट असतो, आणि बहुतेक वेळा घरच्या घरी जाणारा असतो. फक्त क्रम सोडायचा नाही. लोक काय करतात, पहिल्याच दिवशी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतात, आणि जो कॅमेरा नुसता लोकरीच्या धाग्यावर नीट झाला असता त्याचं शटर कायमचं जातं.

लाइट लीकसारखं दिसणारं पण लाइट लीक नसलेलं काय काय असतं ते आधी बाजूला काढू. फ्लॅश वापरलेल्या फोटोंचीच एक बाजू काळी येत असेल तर तो शटर स्पीडचा घोळ आहे, पेंटॅक्स के१००० ला फ्लॅश १/६० च्या वर चालत नाही, पडदा अर्धा आड येतो. १/५०० आणि १/१००० लाच एक बाजू काळपट येत असेल तर शटर दमलंय, पडदे एका वेगाने धावत नाहीयेत, ते मेकॅनिकचं काम. सूर्य समोर असताना आलेले गोल-षटकोनी डाग म्हणजे लेन्सची फ्लेअर. आणि सगळाच रोल राखाडी, दाणेदार, फिका असेल तर फिल्म जुनी झालेली असते. पट्टा नाही, ठिपका नाही, नुसता धुरकटपणा, तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका.

पहिली तपासणी, फुकटातली: निगेटिव्ह बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळे हेच टाळतात, कारण आजकाल बरेच जण रोल मुंबई-पुण्याला धुवायला पाठवतात आणि तिकडून फक्त स्कॅन येतात. निगेटिव्ह परत मागून घ्या. स्कॅनमध्ये फ्रेमच्या बाहेरचा भाग कापलेला असतो आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो.

निगेटिव्ह खिडकीसमोर धरा. लीक निगेटिव्हवर काळा दिसेल, कारण जिथं उजेड जास्त पडला तिथं फिल्म काळी होते. आता बघा, तो काळा पट्टा फ्रेमच्या चौकटीपाशी कापल्यासारखा थांबतोय, की चौकट ओलांडून भोकांच्या पट्टीत आणि दोन फ्रेमच्या मधल्या रिकाम्या जागेत पण गेलाय?

बाहेर गेला असेल तर उजेड मागच्या झाकणाकडून आलाय. चौकटीच्या आतच थांबत असेल तर उजेड पुढून आलाय, म्हणजे लेन्स, आरशाची पेटी किंवा शटरचा पडदा. या एका गोष्टीवरून पुढचा सगळा रस्ता ठरतो.

रंग पण सांगतो. कलर निगेटिव्हमध्ये थर असतात, वर निळ्या उजेडाला लागणारा, मग हिरव्याला, आणि सगळ्यात खाली लाल उजेडाला लागणारा. झाकणातून शिरलेला उजेड फिल्मच्या पाठीकडून येतो, त्याला पहिला भेटतो तो लाल थर, म्हणून फोटोत लाल-केशरी पट्टा. पुढून आलेला उजेड तिन्ही थरांना लागतो, तो पांढरट दिसतो. पाठीमागून आलेला उजेड फारच जोरात असेल तर तोही पिवळा-पांढरा होतो, त्यामुळे रंग आणि चौकट दोन्ही एकत्र बघून ठरवा.

जागा वाचताना एक लक्षात ठेवा, लेन्स फिल्मवर उलटं चित्र पाडते. फोटोत डाव्या कडेला पट्टा असेल तर कॅमेऱ्यात तो उजवीकडून आलाय, आणि बहुतेक एसएलआरची (लेन्समागे आरसा असलेल्या कॅमेऱ्यांची) बिजागरी उजवीकडेच असते. फोटोत वर पट्टा असेल तर कॅमेऱ्याच्या खालच्या खाचेकडे बघा.

काही फ्रेम स्वच्छ आल्या म्हणून लीक नाही असं समजू नका. जी फ्रेम शटरमागे असताना कॅमेरा उन्हात गळ्यात लटकत होता ती खराब होते, जी पटापट काढून पुढे गेली ती वाचते. जुन्या लोकांना वर्षानुवर्षं लीक कळला नाही त्याचं कारण पण हेच, कॅमेरा कायम चामड्याच्या केसमध्ये असायचा आणि केसच मागचं झाकण झाकून ठेवायची. पंचवटीतल्या एका काकांनी त्यांच्या पेंटॅक्स के१००० वर १९९१ च्या सिंहस्थाचे रामकुंडावरचे फोटो काढलेत, सगळे स्वच्छ. कॅमेरा माझ्याकडे आणला तेव्हा म्हणाले, "अरे, इतकी वर्षं लग्नं केली याने, कधी तक्रार नाही, आणि पोराने गळ्यात अडकवायचा नवीन पट्टा लावून फिरवला तर हे लाल लाल यायला लागलं." मी म्हटलं, "काका, आधी याला केस होती का?" होती, फाटली म्हणून टाकून दिली होती. झाकण उघडलं तर बिजागरीपाशी उजेड अडवणारा फोम औषधाला पण शिल्लक नव्हता.

दुसरी तपासणी: रोल भरायची आणि काढायची सवय

फक्त पहिले दोन-तीन आणि शेवटचे फोटो खराब असतील तर कॅमेरा ठीक असू शकतो, रोल उन्हात भरला जातोय. डबीच्या तोंडाला काळं मखमल असतं, ते उजेड अडवतं पण भर दुपारच्या उन्हापुढे त्याचं पण फार चालत नाही. सावलीत भरा, सावली नसेल तर उन्हाकडे पाठ करून अंगाच्या सावलीत भरा. एकच डबी पुन्हा पुन्हा भरून वापरत असाल तर मखमलात धूळ बसते आणि ते दबून जातं, अशी डबी बदलाच.

आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यम्सन कॅमेरा आणला तेव्हा कच्च्या फिल्मला भोकं पण घरीच पाडावी लागायची, आणि ते काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात करायच्या. फिल्मचा हा स्वभाव तेव्हापासून बदललेला नाही, उजेड दिसला की ती लिहून घेते.

१२० चा रोल (३५ एमएमपेक्षा रुंद फिल्मचा) असेल तर तो सैल गुंडाळला गेलाय का बघा. १२० ला डबी नसते, नुसता पाठीचा कागद उजेड अडवतो, रोल सैल झाला की दोन्ही कडांनी उजेड शिरतो. काढल्या काढल्या घट्ट धरून कागदी पट्टी चिकटवा.

तिसरी: लाल खिडकी (फक्त बॉक्स आणि जुन्या घडीच्या कॅमेऱ्यांसाठी)

आपल्याकडे घरोघरी निघतो तो बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री. त्याच्या पाठीला एक लाल खिडकी असते, तिच्यातून कागदावरचे नंबर दिसतात. १२० रोल १९०१ साली कोडॅकने ब्राउनी नंबर टू बरोबर आणला आणि त्या काळातल्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, म्हणून लाल काच ठेवली की काम भागायचं. आजची प्रत्येक साधी फिल्म लाल पाहते आणि ४०० स्पीडची (कमी उजेडात चालणारी) असेल तर भरपूर पाहते. त्यामुळे खिडकी बरोबर बनलेली असूनही आज ती लीक आहे.

उपाय एक मिनिटाचा. खिडकीवर काळी इन्सुलेशन टेप, एक टोक दुमडून ठेवा म्हणजे उचलता येईल, आणि रोल पुढे करताना फक्त सावलीत उघडा. निगेटिव्हच्या मधोमध, खिडकीच्या आकाराचा आणि नंबर उमटलेला डाग असेल तर शंकाच नको, हेच आहे.

चौथी: टेपची परीक्षा

३५ एमएमचा कॅमेरा असेल आणि पट्टा चौकटीबाहेर जात असेल तर आता झाकण. रोल नसताना झाकणात कागदाची बारीक पट्टी अडकवून बंद करा आणि ओढून बघा, चारी बाजूंनी, कुलपापाशी आणि बिजागरीपाशी पण. थोडी अडली पाहिजे. कुठे सरळ सुटून येत असेल तर तिथं एकतर फोम गेलाय नाहीतर झाकण वाकलंय. कॅमेरा कधी पडला असेल तर झाकण सपाट काचेवर ठेवून बघा, डुगडुगतंय का.

मग एक स्वस्त रोल घाला. अर्ध्या रोलपर्यंत झाकणाच्या सगळ्या फटी काळ्या टेपने बंद करून फोटो काढा, मग टेप काढून उरलेला रोल काढा, आणि दर दोन फ्रेमनंतर कॅमेरा मिनिटभर उन्हात ठेवा, एकदा वरची बाजू उन्हाकडे, एकदा खालची, एकदा बिजागरी. कोणती फ्रेम कशी ठेवली ते वहीत लिहा. टेपवाला अर्धा स्वच्छ आणि बाकीचा खराब आला की निदान पक्कं. टेप लावलेल्या भागात पण पट्टे असतील तर फोम बदलून काही होणार नाही, खाली शटरचं लिहिलंय तिकडे जा.

टेप कॅमेऱ्यावर महिनोन्महिने ठेवू नका. उन्हात तिचा गोंद वितळून चामड्याच्या आवरणात बसतो आणि तो निघता निघत नाही.

पाचवी, आणि बहुतेकांचं उत्तर: फोम

हे का होतं ते समजून घ्या. लायका १९२५ साली आला तेव्हा त्याला मागून उघडणारं झाकणच नव्हतं, रोल खालून घालायचा, त्यामुळे फोमची गरजच नव्हती. रोलायफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यांत झाकणाची कड खोल खाचेत बसायची, उजेडाला वळणं घेत यावं लागायचं. साठच्या दशकापासून जपानी कंपन्यांनी लाखांनी कॅमेरे बनवायला घेतले, याशिका इलेक्ट्रो ३५ (१९६६), ऑलिंपस ओएम-१, पेंटॅक्स के१००० आणि कॅनन एई-१ (दोन्ही १९७६), निकॉन एफएम (१९७७), आणि यात खाचांमध्ये पॉलियुरेथेनचा काळा फोम भरला. स्वस्त, मऊ, छान बसणारा. पण हवेतला ओलावा या फोमला आतून तोडत जातो, आधी चिकट होतो, मग भुगा. दहा-पंधरा वर्षं चालला तरी खूप, आणि आपल्याकडे त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला चार महिने भिंतीला ओल धरते तिथं अजून लवकर जातो. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचा मूळ फोम अजून आहे असं कोणी सांगितलं तर तो बदलायचाच आहे असं समजा.

झाकण उघडा आणि वरच्या-खालच्या लांब खाचांमध्ये टूथपिकने हलकं दाबून बघा. बोटाला डांबरासारखं काळं चिकट लागतंय, किंवा टूथपिक सरळ तळाला टेकतंय, तर सापडलं. बिजागरीच्या बाजूची रुंद पट्टी नक्की बघा, सगळ्यात जास्त लीक तिथूनच. नव्वदच्या दशकातल्या छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात झाकणावर रोल दिसायची जी खिडकी असते तिच्याभोवती पण फोमची चौकट असते, ती सगळे विसरतात.

सामान: टूथपिक किंवा आइस्क्रीमची लाकडी काडी, इअरबड्स, आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल (एमजी रोडला मोबाइल रिपेअरिंगचं सामान विकतात तिथं मागा, ते लोक रोज वापरतात), काळी बारीक लोकर, आणि बिजागरीसाठी काळं मखमल किंवा दोन-अडीच मिलिमीटरचा मऊ काळा फोम.

सुरुवातीलाच शटरच्या समोर जाड कागद कापून ठेवा. चिकटवू नका, नुसता ठेवा, टेप पडद्याला लागली तर पडदा तिच्याबरोबर येईल. कॅमेरा उताणा न ठेवता उघडी बाजू खाली झुकेल असा धरा म्हणजे भुगा बाहेर पडेल, आत नाही. फोमचा एक चिकट कण पडद्यात गेला की शटर अडकायला लागतं आणि दहा मिनिटांचं काम मोठ्या खर्चाचं होतं, म्हणून इथं घाई अजिबात नको.

लाकडी काडीने खाच खरवडायची, धातूचं काही नको, खाचेचा काळा रंग निघाला तर आतलं चकाकतं आणि उजेड परावर्तित होतो. मग इअरबड आयपीएत बुडवून, पिळून, खाच पुसायची. ओला गच्च इअरबड नको, द्रव वाहत आत जातो. थिनर आणि एसीटोन तर घरात असले तरी उचलू नका, प्लॅस्टिक आणि रंग दोन्ही खातात.

खाच कोरडी झाली की लोकर. काळी, साधी, फार केसाळ नाही. खाचेच्या लांबीची कापा, खाचेत टूथपिकच्या टोकाने अगदी थोडा गोंद ठिपक्या-ठिपक्यांनी, आणि लोकर बसवा. एक धागा पुरत नसेल तर दोन, पण झाकण दाबून लावावं लागत असेल तर जास्त झाली, एक काढा. लोकर मला फोमपेक्षा आवडते कारण ती कुजून चिकट होत नाही. बिजागरीला मात्र लोकर चालत नाही, तिथं रुंद मऊ पट्टीच हवी.

फेविक्विकसारखा झटपट ग्लू कॅमेऱ्याच्या आसपास पण आणू नका. त्याची वाफ बसून लेन्सवर आणि व्ह्यूफाइंडरवर पांढरा थर धरतो.

आरशाच्या वरच्या बाजूला पण फोमची पट्टी असते, आरसा तिच्यावर आपटतो. ती चिकट झाली असेल तर आरसा वरच अडकतो आणि भुगा वरच्या फोकसच्या काचेवर पडतो. ती बदलता येते, पण आरशाला बोट लावायचं नाही, कापड पण नाही. त्याची चांदी काचेच्या पुढच्या बाजूला असते, एका पुसण्यात ओरखडे येतात. हात स्थिर नसेल तर ही पट्टी मेकॅनिकला करू द्या.

सहावी: भाता

घडीचा कॅमेरा असेल तर त्याच्या लेन्स आणि अंगाच्या मध्ये घड्यांचा भाता असतो. रात्री खोलीत पूर्ण अंधार करा, भाता पूर्ण उघडा, पाठीकडून आत छोटा टॉर्च लावा आणि बाहेरून बघा. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, घाईत बारीक भोकं दिसत नाहीत. भोकं बहुतेक घड्यांच्या कोपऱ्यात असतात. एक-दोन असतील तर काळा फॅब्रिक रंग बारीक ब्रशने लावून, भाता उघडा ठेवूनच वाळवा. हा तात्पुरता उपाय आहे, वर्षभर चालेल न चालेल. कोपरे चाळणीसारखे झाले असतील तर रंग थापत बसू नका, भाता नवीन लागतो.

सातवी: शटरचा पडदा, इथं फक्त बघायचं

ठिपका प्रत्येक फ्रेमवर त्याच जागी आणि चौकटीच्या आत असेल तर लेन्स काढा, मागचं झाकण उघडा, अंधारात झाकणाच्या बाजूने पडद्यावर टॉर्च मारा आणि पुढून आरशाच्या कडेने जमेल तेवढं बघा; आरसा वर जावा म्हणून बल्बवर (बटण दाबलंय तोवर शटर उघडं राहणाऱ्या सेटिंगवर) शटर सोडू नका. झोर्की, फेड, जुना लायका यांना आरसा नसल्याने सोपं जातं, सरळ दिसतं. एकदा शटर चढवून बघा, एकदा न चढवता, कारण पडदे दोन असतात. कापडी पडद्यात सुईएवढं भोक तारा चमकावा तसं दिसतं. अशा बिनआरशाच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत हे का होतं तर लेन्सचं झाकण न लावता कॅमेरा उन्हात ठेवला की लेन्स भिंगाचं काम करते आणि कापड जाळते. एसएलआरला आरसा आड असतो म्हणून वाचतं.

भोक सापडलं की तुमचं काम संपलं. त्याच्यावर रंग लावा असं सांगणारे भेटतील. रंगाने पडदा जड आणि कडक होतो, वेग बिघडतो, रुळावर गुंडाळताना चिकटतो. निकॉन एफएमसारख्या धातूच्या पात्यांच्या शटरला तर बोट पण नको, एक पातं वाकलं की शटर गेलं.

थांबायचं कुठं

झाकण, खाचा, बिजागरी, लाल खिडकी, भात्याची एक-दोन भोकं, एवढं तुमचं. वरचं कव्हर, खालचं कव्हर, लेन्स माउंट, शटर, यांचा एक पण स्क्रू काढायचा नाही, मेकॅनिककडे जायचं. फोम बदलून, टेपची परीक्षा करून पण पट्टे येत असतील तरी तिथंच थांबा. कॅमेरा पडून अंग वाकलं असेल तर ते घरी सरळ होत नाही.

आणि आत फ्लॅश असलेला कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचं बाहेरचं कव्हर (मागचं झाकण नव्हे) कधीच उघडू नका, सेल काढलेला असला तरी. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज साठलेला राहतो आणि त्याचा झटका जीवावर बेतू शकतो.

मेकॅनिककडे जाताना नुसता कॅमेरा नेऊ नका. खराब निगेटिव्हची पट्टी, त्यावर कोणत्या फ्रेमला कॅमेरा कसा ठेवला होता ते लिहिलेलं वहीचं पान, आणि फोम तुम्ही बदललाय की नाही, एवढं द्या. चांगला मेकॅनिक निगेटिव्ह बघूनच सांगतो पडदा की झाकण. जो निगेटिव्ह न बघता "पूर्ण सर्व्हिस करावी लागेल" म्हणतो त्याच्याकडून कॅमेरा परत घ्या आणि दुसरीकडे दाखवा. दुरुस्त होऊन आल्यावर एक अख्खा रोल उन्हात काढून, धुऊन, निगेटिव्ह बघून मगच रंगपंचमीच्या रहाडीला किंवा २०२७ च्या सिंहस्थाला तो कॅमेरा बाहेर काढा.